विश्लेषण : शेतातल्या कोठ्याचे दार घरीच वेल्ड करता येते का? काय जमते, कुठे चुकते?

धानाची मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात शेतावरचे कोठे तणसाने भरतात. त्याच कोठ्यात एका कोपऱ्याला पंपाची मोटार, केबलचे वेटोळे, स्टार्टर, फवारणी पंप आणि खताची पोती ठेवलेली असतात. मालक दाराला कुलूप घालून गावात परततो, रात्री राखणीला कोणी नसते. लोखंडी जाळीचे दार बसवायचे ठरवले तर हंगामात वेल्डर लवकर मिळत नाही आणि मिळाला तर शेतात वीज नसते.

दुसरीकडे, पूर्वी दोघांनी उचलावे लागणारे वेल्डिंग मशीन आता पाच-सात किलोच्या डब्यात मावते. इन्व्हर्टर प्रकारची ही मशीन ऑनलाइन साधारण पाच ते आठ हजार रुपयांत घरपोच येतात. मशीन घरी येते, शिकवणारा सोबत येत नाही. चार-सहा आठवड्यांच्या सरावात कोठ्याच्या दारापुरते वेल्डिंग जमू शकते. मात्र धोका आणि अपयश दोन्ही बहुतेक वेळा वेल्डच्या रेघेत नसतात. ते विजेच्या जोडणीत, डोळ्यांवरच्या काचेत आणि दार ज्या भिंतीला टेकते तिथे असतात.

चोर नेमके काय तोडतो?

वेल्डचा जोड तोडण्याच्या भानगडीत चोर सहसा पडत नाही, कारण त्याला सोपे रस्ते असतात. कोयंडा लाकडी चौकटीला दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. पहारीचा एक हिसका बसला की कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा स्क्रूंसह बाहेर येतो. बिजागरी बाहेरच्या बाजूला असेल तर तिची पिन ठोकून काढता येते. खिडकीची जाळी नुसती भिंतीत खोचलेली असेल तर ती उचकटून निघते. पत्र्याची भिंत असेल तर दाराकडे जायचीही गरज नसते, बाहेरून दिसणारे हुक सोडवले की पत्रा बाजूला होतो.

म्हणून नव्याने वेल्डिंग शिकणाऱ्याने पहिले काम दाराचे धरू नये. कोयंड्यापासून सुरुवात करावी. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा कोयंडा, तो चौकटीला आरपार बोल्टने कसलेला, बाहेरून गोल डोके आणि आतून नट. नटाबाहेर आलेले बोल्टचे टोक हातोडीने चेचून टाकले की तो पान्याने उलटा फिरत नाही. दुसरे काम कुलपाच्या डब्याचे. जाड पाइपचा वीतभर तुकडा कोयंड्याभोवती असा वेल्ड करायचा की खालून हात घालून किल्ली फिरवता येईल, पण कटरचे जबडे कुलपाच्या कडीपर्यंत पोहोचणार नाहीत. तिसरे, बिजागरीच्या पिनेला दोन्ही टोकांना एकेक टाका. या तीन कामांना मिळून मोजून वीस-पंचवीस रॉड लागतात, आणि कोठ्याचा सर्वांत कच्चा भाग त्यातून आवरला जातो.

दार बदलायचेच असेल तर आधी भिंत पाहावी. जुने कोठे मातीच्या भिंतींचे आणि लाकडी खांबांवर उभे असतात. मातीत गाडलेली लोखंडी चौकट दोन माणसे पहार लावून अख्खी ओढून काढू शकतात. अशा ठिकाणी दाराच्या दोन्ही अंगांना सिमेंट काँक्रीटचे खांब ओतून त्यातच चौकटीचे होल्डफास्ट गाडणे हाच उपाय. चार इंची विटांच्या भिंतीलाही हेच लागू होते.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर बारा मिलिमीटरचा गज मिनिटभरात कापतो. त्यामुळे न फुटणारे दार घरी बनत नाही, आणि खरे तर दुकानातही बनत नाही. दाराचे काम वेळ खाण्याचे आणि आवाज करायला लावण्याचे असते.

बंदिस्त जागेचा एक कायदेशीर पैलूही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम ३०३ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. धुऱ्यावर उघडी पडलेली मोटार आणि कोठ्यात ठेवलेली मोटार यांत हा फरक आहे.

घरच्या विजेवर मशीन चालते का?

चालते, पण डब्यावर छापलेल्या ‘२००’ या आकड्यावर जाऊन नाही. तो मशीनमधून रॉडकडे जाणाऱ्या कमाल प्रवाहाचा आकडा असतो. घरच्या वायरिंगला किती भार पडतो, हे रॉडवर ठरते.

हिशेब सोपा आहे. अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ७० अँपिअरवर जळतो आणि तेव्हा ठिणगीवरचा व्होल्टेज २३ च्या आसपास असतो. दोन्हींचा गुणाकार सुमारे १,६०० वॉट. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टच्या लाइनमधून साडेबारा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपते. रॉड ३.१५ मिलिमीटरचा लावून ११० अँपिअर ठेवले की हाच आकडा २१ वर जातो. मग सॉकेट तापते, प्लगच्या पिना काळ्या पडतात आणि ‘मशीन खराब निघाले’ अशी तक्रार होते.

गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरतो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. इन्व्हर्टर मशीन कमी व्होल्टेजची भरपाई जास्त प्रवाह ओढून करते. लाइन १८० व्होल्टवर आली तर अडीच मिलिमीटरच्या रॉडलाही सोळाच्या जवळपास अँपिअर लागतात. त्यामुळे हे काम दुपारचे, शेजारपाजारचे पंखे-कूलर कमी चालत असतानाचे. एक्स्टेन्शन बोर्डाची बारीक वायर तर वापरूच नये. तांब्याची किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी आणि ती पूर्ण उलगडून पसरलेली हवी. गुंडाळी तशीच राहिली तर उष्णता आतल्या आत साठते आणि आवरण वितळते.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. ग्रामीण घरांत तो अनेकदा एक किलोवॉटच्या आतबाहेर असतो, आणि हे मशीन एकटेच दोनच्या वर जाते. भार वाढवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करता येतो.

मग शेतातल्या पंपाच्या जोडणीवर काम का करू नये? एक तर तिथली थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते. दुसरे, शेतीपंपाच्या दराने मिळालेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. आकडा टाकणे ही कलम १३५ खाली थेट चोरी. यातून मार्ग असा की वेल्डिंग घरी करायचे आणि तयार जाळी ट्रॅक्टरवर घालून शेतात नेऊन बोल्टने बसवायची. शेतात वेल्डिंग करायचेच नाही, असे ठरवून माप घेतले तर काम जास्त नीट होते.

‘अर्थिंग’ म्हणतात ते अर्थिंग असते का?

नसते. मशीनमधून दोन जाड केबल निघतात. एकीला रॉडचा होल्डर असतो, दुसरीला चिमटा, आणि तो लोखंडाला लावतात. वर्कशॉपमध्ये या चिमट्याला सर्रास ‘अर्थिंग’ म्हणतात. प्रत्यक्षात ती परतीची वायर आहे. होल्डरमधून गेलेला प्रवाह तिच्यातून मशीनकडे परत येतो. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत नेण्याचे काम या चिमट्याचे नाही. ते काम तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेचे आणि घराच्या खऱ्या अर्थिंगचे. चिमटा लावला म्हणजे अर्थिंग झाले, असे समजून दोन पिनांचा प्लग वापरणारे जिवाशी खेळत असतात.

नावाच्या याच घोळातून चिमटा कुठेही लावला जातो, कधी नळाच्या पाइपला, कधी बोअरवेलच्या केसिंगला, कधी शेडच्या खांबाला. तेव्हा प्रवाह परतीची वाट स्वतः शोधतो आणि ती वाट घराच्या अर्थिंगची बारीक वायरही असू शकते. चिमटा ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्यालाच, गंज घासून, जोडापासून हातभर अंतरावर लावायचा असतो.

रॉड जळत नसतानाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हातमोज्यांत ते जाणवत नाहीत. घामाने भिजलेले मोजे, ओली जमीन आणि अनवाणी पाय एकत्र आले तर तेवढे प्राणघातक ठरू शकतात. धानपट्ट्यातल्या पावसाळ्यात उघड्यावर वेल्डिंग नकोच. लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेणे उत्तम, पण ती मशीनच्या आधीच्या दोषापासून वाचवते. होल्डरच्या बाजूचा धक्का तिला कळत नाही.

हात कसा बसतो?

साध्या लोखंडासाठी दुकानात मिळणारा नेहमीचा रॉड ६०१३ प्रकारचा असतो. जुने दुकानदार त्याला मिलिमीटरने ओळखत नाहीत. अडीच मिलिमीटरचा ‘बारा नंबर’, ३.१५ चा ‘दहा नंबर’. शिकण्यासाठी बारा नंबर घ्यावा. रॉडवरचे लेपन जळून वायू तयार होतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो आणि वर जो काचेसारखा थर राहतो तो स्लॅग. लेपन दमट झाले तर ठिणगी अडखळते आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रे पडतात. म्हणून पाकीट फोडल्यावर रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

पहिल्या दिवशी रॉड चिकटतो. सगळ्यांचाच चिकटतो. काडेपेटीची काडी ओढावी तसा तो लोखंडावर घासून लगेच किंचित उचलायचा असतो. नवशिक्या घाबरून जास्त उचलतो आणि ठिणगी विझते, किंवा दाबून धरतो आणि रॉड लाल होतो. चिकटलाच तर बाजूला हिसका द्यावा, नाही सुटला तर होल्डरचा खटका दाबून रॉड सोडून द्यावा. ठिणगीची लांबी रॉडच्या जाडीइतकी, म्हणजे अडीच मिलिमीटरच हवी. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे सरकताना खालीही यावा लागतो. ही दुहेरी हालचाल हाताला कळली की निम्मे काम झाले. नीट चाललेल्या वेल्डचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा येतो. फटफट आवाज येत असेल तर अंतर जास्त आहे.

सरावासाठी भंगारातली पाच-सहा मिलिमीटरची पट्टी घ्यावी, पातळ पत्रा नाही. एक मिलिमीटरच्या चौकोनी पाइपला नवशिक्याच्या हातून भोक पडतेच. आधी सपाट पट्टीवर सरळ रेघा, मग दोन पट्ट्यांचा काटकोनी जोड. जोड चांगला दिसतो की नाही, याला फार महत्त्व नाही. एकाच बाजूने वेल्ड केलेला असा जोड शिकंज्यात धरून हातोड्याने पाडून पाहावा. तुटलेल्या जागी पट्टीची मूळ कड धारदार आणि चकचकीत दिसली तर लोखंड एकमेकांत मुरलेच नव्हते, वेल्ड नुसता वर बसला होता. वरून गुळगुळीत दिसणारी रेघ आतून अशी निघणे हे नवशिक्यांत नेहमीचे आहे, आणि ते काचेतून पाहून कळत नाही. असे पाच-सहा जोड पाडल्याशिवाय दाराला हात लावू नये.

तीन बाय सहा फुटांच्या जाळीचे गणित काय?

चौकट २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या अँगलची, आत बारा मिलिमीटरचे आठ उभे गज आणि दोन आडव्या पट्ट्या, असे दार धरले तर गजांमध्ये साधारण चार इंचांची फट राहते आणि वजन वीस-बावीस किलो भरते. लोखंडाच्या दुकानात भाव किलोवर असतो, तेव्हा खर्चाचा अंदाज घरूनच काढता येतो.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे खेचतो. एक कोपरा पूर्ण वेल्ड करून पुढच्याकडे गेले तर चौथा कोपरा जुळत नाही. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारायचे आणि दोरीने कर्ण मोजायचे. तीन बाय सहाच्या चौकटीचा कर्ण सहा फूट साडेआठ इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड, तोही समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. सगळे काम जमिनीवर आडवे ठेवून करावे. उभ्या जोडावर वितळलेले लोखंड खाली ओघळते, आणि ते सांभाळायला कितीतरी महिन्यांचा हात लागतो.

डोळ्यांना नेमके काय होते?

ठिणगीतून तीव्र अतिनील किरण निघतात. ते बुबुळाच्या पृष्ठभागाला भाजतात, पण त्या क्षणी काहीच कळत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत हे भरून येते. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याने थंडावा मिळत असेल, इलाज होत नाही. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालणे तर घातक, कारण त्याने जखम भरणे लांबते. दुखणे असह्य असेल किंवा अंधूक दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

‘एकच टाका आहे’ म्हणून डोळे मिटून मारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात ठिणगी लागते की नाही हे दिसत नाही आणि चेहऱ्याची कातडी भाजते ती वेगळीच. गॅस कटिंगचा हिरवा गॉगल किंवा उन्हाचा चष्मा इथे कामाचा नाही. या कामाच्या प्रवाहाला १० किंवा ११ नंबरची काच लागते. आपोआप काळी होणारी काच असलेले हेल्मेट नवशिक्याला जास्त सोयीचे, कारण रॉड टेकवण्याआधी जोड दिसतो. बघायला जमलेल्या पोरांना मात्र पाठवून द्यावे. ती काच फक्त एकाच्याच तोंडावर असते.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे हवेत. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते.

तणसाच्या कोठ्याजवळ काम करता येईल का?

नाही. वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्या दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि तणसात शिरलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही. ती धुमसते, मालक जेवायला जातो आणि मग आग दिसते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात वेल्डिंग थांबल्यावर जागेवर पहारा देण्याची वेळ अर्ध्या तासावरून एक तास करण्यात आली, ती याच कारणाने. घराच्या अंगणात काम करतानाही दोन बादल्या पाणी आणि वाळू हाताशी असावी. पाणी आगीवर टाकायचे, पण आधी मशीनचा प्लग काढून.

डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कापून दाराला पत्रा करण्याचा मोह होतो. रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्ये वाफ उरलेली असते आणि ठिणगी लागताच तो फुटतो. हे घरी करायचे काम नव्हेच.

कशाला वेल्ड करू नये?

जस्त चढवलेल्या कोणत्याही लोखंडाला. छताचा पत्रा तर इतका पातळ की तो वेल्ड होतच नाही. जीआय पाइप वेल्ड होतो, पण जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डर मंडळी त्यावर गूळ खातात, दूध पितात. धूर नाकाकडे न येऊ देणे एवढाच खरा बचाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले, तेव्हा साध्या लोखंडाचा धूरही उघड्या हवेतच सोडावा.

पितळही या रॉडने जोडता येत नाही. भांड्यांच्या व्यवसायामुळे भंडाऱ्याला पितळनगरी म्हटले जाते, पण पितळात जस्त असते आणि ठिणगीच्या उष्णतेत ते उडून जाते.

सौर कृषिपंपाचे पॅनल चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांचे नट वेल्ड करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो ढाचा जस्त चढवलेला असतो. वेल्ड केलेल्या जागी जस्त जळून गंज धरतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा आहे, ढाच्यात फेरफार केल्यास त्यावरून वाद होऊ शकतो. त्यापेक्षा एकदा कसल्यावर न उघडणारे चोरीरोधक नट पुरवठादाराकडून बसवून घ्यावेत.

आणि तयार जाळीत वीज सोडण्याचा विचारही नको. त्यात चोराआधी घरचे माणूस, शेजाऱ्याचे गुरू किंवा वन्यप्राणी सापडतो आणि गुन्हा मालकावर दाखल होतो.

बिबट्यासाठी हेच दार पुरते का?

कोका अभयारण्य, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आणि पवनी तालुक्यातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत कोठ्याची सुरक्षा म्हणजे शेळ्यांचीही सुरक्षा. तिथे दार मजबूत असूनही बिबट आत येतो, कारण भिंत आणि छप्पर यांच्यामधली हवेची फट उघडी असते. ती फट जाळीने बंद करणे हे दारापेक्षा आधीचे काम. चार इंचांच्या गजांमधून बिबट्याचा पंजाही आत जातो, तेव्हा शेळ्यांच्या कोठ्यात गजांवर बारीक वेल्डमेश जाळी हवी. ती जाळी बहुधा जस्त चढवलेली असते. म्हणून ती वेल्ड न करता पट्टीखाली दाबून बोल्टने कसावी. जनावर मारले गेले तर वनविभागाला लगेच कळवावे आणि पंचनाम्याआधी ते हलवू नये.

शिकायचे कुठे?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे आणि आठवी उत्तीर्णांनाही त्याला प्रवेश मिळतो. ज्याला फक्त कोठ्याचे दार करायचे आहे त्याला हे वर्ष जास्त होईल. अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे काही आठवड्यांचे मोफत वर्ग होतात, पुढची बॅच कधी हे संस्थेतच विचारावे लागते. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत वेल्डर हे नाव नाही, लोहार आणि कुलूप कारागीर आहेत. परंपरेने ही कामे करणाऱ्यांना तिथे प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते.

यातले काहीच जमत नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे आठवडाभर लोखंड धरायला, स्लॅग झाडायला थांबावे आणि घरी केलेला जोड त्याच्याच हातून तोडून घ्यावा. छताची कैची, पाण्याच्या टाकीचा स्टँड आणि ट्रॉलीचा हूक ही कामे मात्र त्याच्याकडेच ठेवावीत. तिथे वेल्ड सुटला तर खाली माणूस असतो.